ओठातली पाण्याची गाठ

खालच्या ओठाच्या आतल्या बाजूला एक मऊ, निळसर झाक असलेली गाठ येते. दुखत नाही, पण जीभ सारखी तिच्याकडे जाते आणि जेवताना नेमकी तीच दाताखाली सापडते. आठ-पंधरा दिवसांनी ती आपसूक फुटते, तोंडात चिकट पाणी येतं, ओठ सपाट होतो. घरातले म्हणतात, ‘उष्णता होती, निघून गेली.’ महिन्याभरात गाठ त्याच जागी पुन्हा हजर. पालघर-बोईसर पट्ट्यातल्या दंतवैद्याला ही तक्रार नवी नाही. शाळकरी मुलं, कॉलेजातली पोरं, तारापूर एमआयडीसीत नुकती कामाला लागलेली विशीतली मुलं, या वयातच हा त्रास सर्वांत जास्त होतो.

वैद्यकात हिला म्यूकोसील म्हणतात. ‘गाठ’ म्हटलं की कॅन्सरची भीती मनात येते आणि ‘कापून काढू’ म्हटलं की ती दुप्पट होते. म्हणून पुढचा प्रश्न ठरलेला असतो: ‘डॉक्टर, इंजेक्शननं नाही का जाणार?’ पुष्कळदा जाते. पण गाठ कुठली, औषध कुठलं आणि खेपा किती, हे समजून घेतल्याशिवाय सुई टोचून घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे.

आधी ही गाठ होते कशी ते पाहू. लाळ म्हटलं की आपल्याला कानापुढच्या, जबड्याखालच्या आणि जिभेखालच्या मोठ्या ग्रंथींच्या तीन जोड्या आठवतात. दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ बनते, तिचा मोठा वाटा यांचाच. पण ओठ, गाल, टाळू आणि जीभ यांच्या अस्तराखाली सहाशे ते हजार बारीक ग्रंथी विखुरलेल्या असतात. त्यांची लाळ थोडी, पण दाट. तोंडाचं अस्तर ओलं आणि बुळबुळीत राहतं ते मुख्यतः त्यांच्यामुळे. प्रत्येक ग्रंथीची एक बारीक नळी तोंडात उघडते. ओठ दाताखाली चावला गेला, दुचाकीवरून पडताना आपटला, क्रिकेटचा चेंडू लागला, किंवा विचार करताना ओठ चावत बसायची सवय असली की ती नळी तुटते. ग्रंथीचं काम चालूच राहतं. लाळ तोंडात न येता आजूबाजूच्या मऊ भागात सांडते आणि तिथेच साठते. शरीर तिला परकी समजून तिच्याभोवती सुजलेल्या, नव्या पेशींचं कुंपण घालतं. वरचे पुढचे दात खालच्या ओठावर येतात, म्हणून खालचा ओठ हीच हिची मुख्य जागा.

या गाठीला स्वतःचं अस्तर नसतं, ही गोष्ट पुढच्या सगळ्याच्या मुळाशी आहे. खऱ्या सिस्टला आतून पेशींचा सलग थर असतो. तो थर शिल्लक राहिला तर सिस्ट पुन्हा भरते, म्हणून तो मुळासकट काढावा लागतो. ओठातल्या या गाठीत काढण्यासारखी भिंतच नाही. आहे ती सांडलेली लाळ, तिच्याभोवतीची सूज आणि मागे गळत राहिलेली एक चिमुकली ग्रंथी. गळती थांबली की गाठ संपली. घरी सुई तापवून किंवा बाभळीच्या काट्यानं गाठ फोडणारे लोक आजही आहेत. त्यांची गाठ परत येते, कारण त्यांनी साठलेलं पाणी काढलं, गळती तशीच ठेवली. वर जंतू शिरायला वाट करून दिली, ती वेगळीच.

शस्त्रक्रियेबद्दल एक गोष्ट आधी सांगायला हवी. ती वाईट नाही. ओठाला भूल देऊन गाठ आणि तिला लाळ पुरवणाऱ्या ग्रंथी काढायच्या, दोन-चार टाके घालायचे. अनुभवी हाताला अर्धा तास पुरतो. काढलेला तुकडा तपासायला पाठवता येतो. अडचणी तीन. टाका घालताना शेजारच्या ग्रंथीची नळी दुखावली तर तिथे नवी गाठ उगवू शकते, आणि ओठाच्या संवेदनेचे बारीक तंतू दुखावले तर काही दिवस, क्वचित कायमचं, तिथे बधिर वाटतं. पाच-सहा वर्षांचं मूल खुर्चीत शांत बसत नाही, ही तिसरी अडचण, आणि आईवडिलांच्या दृष्टीनं तीच सर्वांत मोठी. एवढ्याशा गाठीसाठी पूर्ण भूल द्यायची का, या प्रश्नातूनच सुईच्या उपायांना बळ मिळालं.

पोकळीत औषध सोडून ती आतून चिकटवून टाकायची, ही कल्पना जुनी आहे आणि तिचा एक धागा भारतातूनच जातो. 1830 च्या दशकात कोलकात्यात जेम्स रॅनाल्ड मार्टिन नावाचा सर्जन अंडवृद्धीतलं पाणी काढून त्या जागी आयोडीनचं द्रावण सोडत असे. आज आपण वापरतो तशी इंजेक्शनची सुई तेव्हा नव्हती. ती 1853 साली आली. मार्टिन पोकळ नळीनं काम भागवी. त्याही कितीतरी आधी सुश्रुतानं मुखरोगांत जिभेखालच्या सुजेचं वर्णन करून तिथे खरवडून क्षार लावायला सांगितलं आहे. ती सूज म्हणजे आजची नेमकी कुठली गाठ, यावर वाद होऊ शकतो. औषधानं आतला भाग मुद्दाम थोडा भाजायचा आणि भरून येताना तो बंद होऊ द्यायचा, हा विचार मात्र तोच आहे.

आज वापरात असलेल्या औषधांचा पहिला गट स्टेरॉइडचा: ट्रायॅमसिनोलोन, डेक्सामेथॅसोन, बीटामेथॅसोन. ही औषधं गाठीत सोडली की भोवतालची सूज ओसरते, नव्या पेशींचं कुंपण आकसतं आणि फुगलेल्या नळ्या आवळल्या जातात. पालघर जिल्ह्यातल्या दंतवैद्याच्या कपाटात यांपैकी एखादी कुपी हमखास सापडते, पण म्यूकोसीलसाठी नव्हे. ती असते सुपारी आणि गुटख्यानं आखडलेल्या तोंडांसाठी. सुपारी चघळणाऱ्याच्या गालाखाली हळूहळू दोरखंडासारखे तंतू तयार होतात आणि एक दिवस तोंडात दोन बोटंही जाईनाशी होतात. या आजाराचं वर्णन 1952 साली श्वार्ट्झ यांनी केनियातल्या भारतीय स्त्रियांवरून केलं, आणि पुढच्याच वर्षी मुंबईचे डॉ. जोशी यांनी त्याला तंतूंवरून नाव दिलं. महाराष्ट्रात जुलै 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे. तरी गुजरातच्या बाजूनं येणारा माल या जिल्ह्यात वरचेवर पकडला जातो, आणि गालात दर आठवड्याला स्टेरॉइडचं इंजेक्शन घेणारे तरुण पाहायला मिळतात. त्यामुळे तोंडात सुई देण्याचा सराव आमच्या भागातल्या दंतवैद्यांना चांगला आहे. या सरावाचं कारण दुःखद आहे, एवढंच.

दुसरा गट स्क्लेरोझंट औषधांचा. पॉलिडोकॅनॉल हे त्यातलं आज जास्त वापरलं जाणारं औषध. 1930 च्या दशकात जर्मनीत ते जागा बधिर करायला म्हणून तयार झालं. पुढे लक्षात आलं की रक्तवाहिनीत गेलं की ते तिचं आतलं अस्तर खराब करतं आणि वाहिनी मिटते. मग तो दोषच उपयोगी पडला. आठ तास मशीनपुढे उभं राहून ज्यांच्या पायांवर निळ्या शिरा फुगल्या आहेत अशा कामगारांना हे औषध माहीत असण्याची शक्यता आहे, कारण व्हेरिकोज व्हेन्समध्ये ते सर्रास देतात. सोडियम टेट्राडेसिल सल्फेट हे त्याच घराण्यातलं दुसरं. तोंडात या औषधांचा सर्वांत पक्का उपयोग रक्तवाहिन्यांच्या मऊ, जांभळट गाठींवर होतो. म्यूकोसीलमध्ये पॉलिडोकॅनॉल देऊन पाहिलं गेलं, तेही कामी आलं. मात्र ही औषधं तोंडातल्या लाळेच्या गाठींसाठी म्हणून बाजारात आलेली नाहीत. डॉक्टर स्वतःच्या जबाबदारीवर ती या कामाला लावतात. रुग्णाला हे आधी सांगितलं गेलं पाहिजे.

तिसरं औषध जपानचं आणि त्याची कथा विलक्षण आहे. घसा दुखवणारे स्ट्रेप्टोकोकस जंतू घ्यायचे, त्यातला सौम्य वाण निवडायचा, पेनिसिलीननं त्याला निष्प्रभ करायचं आणि वाळवून पूड करायची. हे ओके-432, पिसिबानिल या नावानं 1975 पासून जपानमध्ये कॅन्सरच्या उपचारात आलं. पुढे 1980 च्या दशकात क्योटोचे शल्यचिकित्सक ओगिता यांनी ते लहान मुलांच्या मानेवरच्या लसिकेच्या मोठ्या गाठींमध्ये सोडलं आणि त्या गाठी आकसल्या. 2003 साली यामागाताच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांनी जिभेखालच्या लाळेच्या गाठीवर त्याचा उपयोग कळवला, नंतर ओठातल्या गाठीवरही. औषध आत गेलं की शरीराला जंतू शिरल्याचा भास होतो, पांढऱ्या पेशी धावून येतात, सूज चढते आणि ती ओसरताना गाठीच्या भिंती एकमेकींना चिकटतात. म्हणून दोन-तीन दिवस ताप आणि ठणका येऊ शकतो. पेनिसिलीनची अ‍ॅलर्जी असलेल्याला हे द्यायचं नाही. भारतात ते सहजी मिळत नाही, त्यामुळे बोईसरच्या रुग्णाला सध्या ते वाचण्यापुरतंच. ब्लिओमायसिनचा उल्लेख इथेच करून टाकतो: लसिकेच्या आणि रक्तवाहिन्यांच्या गाठींत त्याचं काम चांगलं, पण एकूण मात्रा वाढली तर फुप्फुसांना धोका, म्हणून ओठातल्या साध्या गाठीसाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

प्रत्यक्ष सुई देताना काय होतं, ते जवळून पाहण्यासारखं आहे. आधी ओठ कोरडा करून बधिर करणारी जेल लावतात. मग डॉक्टर अंगठा आणि तर्जनीनं ओठ बाहेर उलटून धरतात. या पकडीनं गाठ वर येते आणि रक्तही कमी येतं. आतली लाळ अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी दाट असल्यानं बारीक सुईतून ती वर चढत नाही. म्हणून ती ओढायला जाड सुई घेतात, आणि ती गाठीच्या माथ्यातून न घालता बाजूच्या निरोगी अस्तरातून तिरकी आत नेतात. माथ्यावरचं अस्तर ताणून इतकं पातळ झालेलं असतं की तिथे भोक पडलं तर औषध त्याच वाटेनं बाहेर येईल. पाणी काढल्यावर औषध अगदी थोडं, मिलिलिटरच्या काही अंशांत, सावकाश सोडतात. पॉलिडोकॅनॉल असेल तर वरचं अस्तर फिकट होताना दिसतं, तिथेच थांबायचं. जास्त गेलं तर अस्तर मरून तिथे व्रण पडतो. सुई काढल्यावर कापसानं काही मिनिटं दाबून धरतात. दोन दिवस ओठ सुजतो, तिखट झोंबतं, बोलताना जड वाटतं. मुलाला एक गोष्ट बजावून सांगायची: बधिर ओठ चावायचा नाही. भूल उतरायच्या आत ओठ चावून मुलं दुसरी जखम करून घेतात.

साखरेचा आजार असेल, क्षयाचे उपचार चालू असतील, गरोदरपण असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, तर सुईआधी सांगायचं. मात्रा लहान आहे म्हणून हे लपवण्यात अर्थ नाही.

आता खेपांचा प्रश्न. सुईचा उपाय ‘सोपा’ म्हणून सांगितला जातो, पण कुणाला सोपा? एका सुईत काम झालं तर उत्तम. बऱ्याचदा आठवड्या-दोन आठवड्यांच्या अंतरानं दोन, तीन किंवा अधिक खेपा लागतात. पालघर शहरात राहणाऱ्या नोकरदार बाईला तिच्या मुलासाठी संध्याकाळी दवाखान्यात जाणं जमतं. पण एमआयडीसीत ठेकेदाराकडे रोजावर असलेल्या मुलाचा विचार करा. दवाखाना उघडा असतो तेव्हा त्याची जनरल शिफ्ट चालू असते. एका खेपेला एक खाडा, आणि खाड्याचा पगार नाही. मोखाड्याच्या किंवा जव्हारच्या पाड्यावरून येणाऱ्याला तर घाट उतरून यायचं, परत जायचं, यात अख्खा दिवस जातो. तिसऱ्या सुईपर्यंत तो येत नाही, अर्धवट उपचारानं गाठ पुन्हा भरते आणि ‘इंजेक्शननं काही होत नाही’ असा समज गावभर पसरतो. अशा माणसाला मी शस्त्रक्रियाच सुचवेन. एक दिवस, भूल, अर्धा तास, विरघळणारे टाके, विषय संपला. विरार ते डहाणू लोकल 2013 साली सुरू झाल्यापासून मुंबई सेंट्रलजवळचं नायर दंत महाविद्यालय किंवा फोर्टचं शासकीय दंत महाविद्यालय गाठणं पूर्वीइतकं अवघड राहिलेलं नाही, आणि तिथला खर्चही परवडण्याजोगा असतो. पण शंभर किलोमीटर हे अंतर एकाच फेरीसाठी ठीक आहे. दर पंधरवड्याला नाही.

सुई आणि चाकू यांच्या मधला एक मार्ग इथे सांगतो, कारण तो फार कमी लोकांना माहीत आहे. ब्राझीलमधल्या बालदंतवैद्यांनी 2000 साली मुलांवर केलेला हा उपाय. बधिर करणारी जेल लावून गाठीतून एक रेशमी टाका आरपार ओवायचा, सैल गाठ मारायची आणि आठवडाभर तसाच ठेवायचा. दोऱ्याच्या बाजूनं लाळ बाहेर झिरपत राहते आणि त्या वाटेवर नवं अस्तर धरतं. दोरा काढला की ती वाट नळीचं काम करते. औषध नाही, कापाकापी नाही, खेपा दोनच. आश्रमशाळेतल्या मुलासाठी हा उपाय मला सर्वांत शहाणपणाचा वाटतो.

जिभेखाली, एका बाजूला, दोन-तीन सेंटिमीटरची निळसर, पारदर्शक फुगवटी येते, तिचं गणित वेगळं आहे. हिला रॅन्युला म्हणतात. इथे गळते ती जिभेखालची मोठी ग्रंथी, आणि ती जेवणाची वाट न पाहता दिवसरात्र लाळ सोडत असते. त्यामुळे नुसतं पाणी काढलं तर काही दिवसांतच ती पूर्ववत होते. कधी ही लाळ तोंडाच्या तळाच्या स्नायूच्या फटीतून खाली उतरून मानेत गाठ होते. कायमचा उपाय म्हणजे ती ग्रंथीच काढणं. पण तिच्या अगदी लगत जिभेच्या संवेदनेची नस आणि जबड्याखालच्या ग्रंथीची नळी जाते, म्हणून हे काम सरावलेल्या सर्जननंच करायचं. सुईनं आकसवण्याचा प्रयत्न इथे खरोखर मोलाचा आहे, कारण यश आलं तर रुग्ण एका मोठ्या शस्त्रक्रियेतून सुटतो. आलं नाही तर शस्त्रक्रिया आहेच. तान्ह्या बाळाला ही झाली आणि दूध पिण्याला, श्वासाला अडथळा नसेल, तर काही महिने थांबून पाहतात. काही गाठी आपोआप जिरतात.

सुई कुठे लावू नये, याबद्दल मला अधिक कळकळ आहे. वरच्या ओठात कठीण, सरकणारी गाठ असेल तर ती लाळेची साठवण नसून ग्रंथीचा ट्यूमर असण्याचा संभव जास्त. टाळूवर किंवा अक्कलदाढेच्या मागे निळसर मऊ गाठ दिसली, तर लाळग्रंथीचा एक कॅन्सर हुबेहूब तसाच दिसू शकतो. बोटानं दाबली की फिकी पडते आणि सोडली की भरते, ती रक्ताची गाठ. तिच्यात ठोका लागत असेल तर तिला दवाखान्यात कुणीही सुई लावू नये, तिथून धमनीचं रक्त येतं. जबड्याच्या हाडातल्या सिस्टला तर ही इंजेक्शनं लागूच नाहीत. किडलेल्या, मेलेल्या दाताच्या मुळाशी होणारी सिस्ट ही त्यांतली सर्वांत नेहमीची. तिथे दाताची रूट कॅनॉल करायची किंवा दात काढायचा, आणि सिस्ट मोठी असेल तर तीही काढायची. हाडातल्या सिस्टमध्ये सुई जाते ती तपासायला: गवती रंगाचं, चमचमणारे कण असलेलं पाणी आलं तर एक अर्थ, पांढरा चोथ्यासारखा माल आला तर दुसरा. आणि तंबाखू, मशेरी किंवा गुटख्याची सवय असलेल्या माणसाच्या तोंडात तीन आठवड्यांत न भरलेली जखम, पांढरा किंवा लाल चट्टा, कडक कडांची गाठ दिसली, तर तिथे स्टेरॉइड टोचून ‘पाहू काय होतं’ म्हणणं हा अपराध आहे. सूज तात्पुरती उतरते, रुग्णाला बरं वाटतं आणि कॅन्सरला मोकळे महिने मिळतात.

सुईच्या उपायातली खरी उणीवही इथेच आहे. शस्त्रक्रियेत काढलेला तुकडा फॉर्मॅलिनच्या बाटलीत घालून पॅथॉलॉजिस्टकडे जातो आणि निदान कागदावर येतं. सुईनं जिरलेल्या गाठीचा तुकडा उरत नाही. म्हणून सुई देणाऱ्यानं आधीच अधिक खात्री करून घ्यायची: गाठ कधीपासून आहे, फुटून पुन्हा भरते का, ओठ चावला गेल्याचं आठवतं का, हे विचारायचं, फोटो आणि माप नोंदवायचं, जिभेखालची असेल तर सोनोग्राफी करायची, ओढलेलं पाणी फेकून न देता काचपट्टीवर घेऊन तपासायला पाठवायचं. दाट लाळ आली तर ठीक. रक्त आलं, पू आला, किंवा काहीच आलं नाही, तर औषधाची सिरिंज बाजूला ठेवायची आणि निदान पुन्हा पहिल्यापासून करायचं. उपचारानंतर सहा महिने तरी अधूनमधून ओठ दाखवून घ्यायचा, कारण परत येणारी गाठ बहुधा याच काळात येते. दोन-तीन सुयांनंतरही ती त्याच जागी भरत असेल, तर चौथी सुई न घेता गाठ आणि तिची ग्रंथी काढून तुकडा तपासायला द्यायचा.